पावसाचा खाडा

२०२५च्या मे महिन्यात धायरीतल्या आमच्या रो-हाऊसची पश्चिमेकडची भिंत अर्धी रंगून थांबली. अर्धी म्हणजे अक्षरशः अर्धी. वरून खिडकीपर्यंत नवा फिकट पिवळा रंग आणि खाली खरवडलेलं सिमेंट. पुण्यात मान्सून साधारण १० जूनच्या सुमारास येतो, हे गृहीत धरून पेंटरकाकांनी काम घेतलं होतं. त्या वर्षी तो २६ मेलाच आला. त्याआधीही वळीव रोज येतच होता. हजेरी पावसाची लागली आणि खाडा पेंटरकाकांचा पडला.

मध्ये दोन दिवस ऊन पडलं. मी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेलो. खिडकीतून ओरडलो, "काका, ऊन आहे तोवर उरकून टाका ना."

त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"भिंत आतून ओली आहे दादा. आत्ता मारला तर दिवाळीपर्यंत पोपडे येतील."

आणि ते दोन पोरांना घेऊन निघून गेले. काम ठेक्यावर होतं, म्हणजे त्या दिवसाचा त्यांना एक रुपयाही मिळणार नव्हता. पोरांचं जेवण आणि खोलीभाडं मात्र चालूच. मी परत स्क्रीनकडे वळलो. दुसऱ्या टीमचा सर्व्हर बंद होता, त्यामुळे माझं काम दुपारपर्यंत अडलेलं. मी चहा घेतला, क्रिकेटचा स्कोअर पाहिला. महिनाअखेरीला पगार पूर्ण आला.

हे दोन थांबे मला अजून डाचतात. मी सर्व्हर चालू व्हायची वाट पाहत होतो, ते भिंत वाळायची. माझं वाट पाहणं कामात धरलं जातं, त्यांचं धरलं जात नाही. खरं तर त्यांचं थांबणं जास्त कामाचं होतं. त्यांना रंग मारून, पैसे घेऊन मोकळं होता आलं असतं. पोपडे आले असते तेव्हा ते कुठे सापडणार होते? ते थांबले ते माझ्या भिंतीसाठी. मग त्या दिवसाचा खर्च भिंतीच्या खात्यावर का पडू नये?

बाबांना हा प्रश्नच पटत नाही. "काम झालं की पैसे. पाऊस काय आपण पाडला?" मित्राचं म्हणणं जरा जास्त हुशारीचं होतं: पावसाचा धोका रेटमध्ये धरलेलाच असतो, म्हणून तर पेंटर स्क्वेअर फुटाला एवढे लावतात. ऐकायला बिनतोड वाटतं. पण रेटमध्ये धरलेला पाऊस जूनचा होता, मेचा नव्हता. आणि रेट ठरतो कसा? सकाळी वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून जाऊन बघा. कामं कमी आणि माणसं जास्त असली की "दादा, काय द्यायचं ते द्या" इथपर्यंत रेट येतो. धोका वाढतो, नेमकं तेव्हाच तो रेटमधून गळून पडतो.

आता माझी बाजू, जी मला लपवावीशी वाटते. जुलैत एका मोठ्या आयटी कंपनीनं बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. माझी कंपनी वेगळी. पण माझा प्रोजेक्ट त्याच सुमारास संपला आणि मी सहा आठवडे बेंचवर होतो. रात्री झोप लागायची नाही. मी आईला म्हटलं, दिवाळीआधी आतल्या खोल्या रंगवायच्या होत्या ते राहू दे, बघू पुढे. सोसायटीच्या ग्रुपवर आणखी तिघाचौघांनी असंच काही ना काही पुढे ढकललं.

त्या सहा आठवड्यांत माझा पगार एकदाही चुकला नाही. माझी नुसती भीती होती. ती मी 'बघू' या एका शब्दात पेंटरकाकांकडे सरकवली आणि तिथे तिचं खरोखरचं नुकसान झालं. पैसे जपून वापरण्याला आपण शहाणपण म्हणतो, आणि ते आहेही. पण त्या शहाणपणाचं बिल कुणाकडे जातं, हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

बेंचवर वाचायला वेळ खूप. तेव्हा कळलं की आपल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ'चा अर्थ काढून टाकणं असा नव्हताच. कच्चा माल नाही, यंत्र बंद पडलं, नैसर्गिक आपत्ती आली, म्हणून मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. आणि ठरावीक आकाराच्या कारखान्यात त्या दिवसांचं निम्मं वेतन द्यायचं. पश्चिम जर्मनीत तर १९५९पासून बांधकाम कामगारांना खराब हवामानाचा भत्ता सुरू झाला. त्याचं आजचं रूप म्हणजे हिवाळ्यात काम थांबलं तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. म्हणजे 'पाऊस आपण पाडला का' याला उत्तर आहे. फक्त ते हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी आहे. चार दिवस इथे, सहा दिवस तिथे काम करणाऱ्याचं नाव कुठल्या पटावर? आपल्याकडे बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पेंटरकाकांनी तो मला मागितला होता. माझ्याकडे त्यांचे अकरा दिवस होते.

कुणी म्हणेल, आपल्या गावगाड्यात हे होतंच की. सुताराला, लोहाराला बलुतं सुगीला मिळायचं, दिवसावर नाही. पीक बुडालं तर झळ सगळ्यांना. मला हे लोभस वाटलं होतं, दोन मिनिटं. पण कुणाचा वाटा हक्काचा आणि कुणाचा हात पसरून घ्यायचा, हे जातीवर ठरायचं. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं ते उगाच नाही. तसली जोखमीची वाटणी नकोच.

ऑगस्टमध्ये पेंटरकाकांचा फोन आला. पाच हजार उचल हवी होती. मी लगेच पाठवले आणि मनात मोठेपणाही घेतला. "परत करायची घाई नाही, मदत समजा," असं म्हणालो. ते जरा थांबले. "मदत नको दादा. उचल म्हणून लिहून ठेवा."

नोव्हेंबरात भिंत पूर्ण झाली. जोड दिसत नाही. हिशोब करताना पाच हजार त्यांनीच वजा केले. मग मी सुचवलं की पुढच्या कामाला कागदावर लिहू: भिंत ओली म्हणून थांबावं लागलं, तर त्या दिवसाची निम्मी मजुरी मी देईन, तिघांचीही.

ते हसले. "आणि भिंत ओली आहे की नाही, हे कोण ठरवणार?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

आतून बाबांचा "अरे!" असा आवाज आला. पेंटरकाकांनी तो ऐकला आणि ब्रश धुवायला घेतले.