रक्ताविना रंग

हिंगोली जिल्ह्यासारख्या भागात तलावाच्या पाणथळ काठाला चरणाऱ्या शेळ्या-म्हशींना एक रोग जडू शकतो. जनावर खंगत जातं, जबड्याखाली सूज उतरते आणि पुढे कधी काळीज चिरलं गेलं, तर आतून पानाच्या आकाराचे मातकट, चपटे कृमी निघतात. गोगलगायीच्या अंगात वाढून ते गवताच्या पात्याला चिकटतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. हे यकृतकृमी. पशुपालकाचं नुकसान करणाऱ्या या जिवाचे भाऊबंद समुद्रातल्या प्रवाळांवर राहतात आणि ते इतके देखणे असतात, की हे नातं खरं वाटू नये.

कुणाचं अंग मखमली काळं, त्याला नारिंगी काठ आणि काठाबाहेर पांढरी रेघ. कुणी निळंजांभळं, पाठीच्या मधोमध फिका पट्टा. लांबी इंच-दोन इंच, जाडी मात्र मिलिमीटरभर. पोटाखालच्या असंख्य सूक्ष्म केसांच्या हालचालीवर ते प्रवाळावरून सरकत राहतात. गरज पडली तर कडा हेलकावत पाण्यात उठतात आणि पोहू लागतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवरच्या अशा कृमींच्या नव्या नोंदी संशोधक दीपक आपटे यांनी सहकाऱ्यासह 2011 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या.

मला विचारात पाडतो तो मात्र त्यांचा पातळपणा. या जिवाला रक्त नाही, हृदय नाही, कल्ले नाहीत. प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो आणि नुसता झिरपून तो फार खोल जाऊ शकत नाही. म्हणून शरीर पसरट. अन्न वाहून न्यायलाही रक्त नाही, म्हणून आतडंच फांद्या फुटत फुटत अंगभर जातं. ते दुसऱ्या टोकाला उघडत नाही. पोटाखालच्या ज्या तोंडाने घास घेतला, त्यातूनच उरलंसुरलं बाहेर टाकायचं. शेळीच्या काळजातल्या कृमीच्या आतड्याची ठेवणही अशीच. एक बापुडवाणा परजीवी, दुसरा प्रवाळावरचा डौलदार शिकारी, आणि दोघांनाही घडवलं ते जे मिळालं नाही त्याने.

हाडं नाहीत, कवच नाही, पळायला वेग नाही. एवढं उघडं अंग घेऊन भर दिवसा माशांच्या गर्दीत हिंडायचं, तर काहीतरी आधार हवा. तो रंगाचा आहे, असं अभ्यासक मानतात. अनेक जाती बेचव किंवा विषारी असतात आणि भडक रंग माशांना तसं आधीच सांगून ठेवतो. काही जाती तर विषारी समुद्री गोगलगायींसारखं रूप घेऊन वावरतात.

हा रंग टिपून ठेवणं मात्र सोपं नाही. उचलताना कृमी फाटतो, डबीत ठेवला तर आपल्याच स्रावात विरघळू लागतो. म्हणून गोठवलेल्या फॉर्मेलिनवर त्याला अलगद सोडतात, म्हणजे तो न आक्रसता पसरलेला राहतो. पुढे त्याचा रंग उडतोच. एकाच गटातल्या जातींची आतली रचना इतकी सारखी असते, की ओळख पटवायला बरेचदा पाठीवरची नक्षीच लागते. त्यामुळे संशोधक आधी कॅमेरा काढतात, कृमी पाण्यात जिवंत असताना, आणि मगच त्याला हात लावतात.