उत्पादन की उत्खनन?

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे. गोव्याच्या या तालुक्यांतले लोहखनिज टिप्परने जेटीवर यायचे, बार्जने मांडवी-झुआरीतून मुरगावला जायचे आणि तिथून परदेशी. सरकारदरबारी या साऱ्याला 'खनिज उत्पादन' म्हणतात. शब्द फसवा आहे. भात पिकते, काजू पिकतो. लोखंड कुणी पिकवले नाही. ते होते, आपण उपसले. खरा शब्द उत्खनन.

फरक नुसत्या शब्दाचा नाही. खाणीवर राबणाऱ्याची मजुरी हे उत्पन्नच. पण खुद्द खनिजाची किंमत म्हणजे मुद्दल. निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न काढताना झिजलेल्या यंत्राचा घसारा वजा होत आला. संपलेल्या डोंगराचा मात्र नाही. जागतिक बँक म्हणूनच 'खनिज-ऱ्हास' वेगळा मोजते. शिल्लक साठ्यातून मिळू शकणाऱ्या लाभाचे आजचे मूल्य, भागिले तो साठा पुरेल ती वर्षे (जास्तीत जास्त 25). येईल तो आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्क्यांत मांडायचा.

हिशेब प्रामाणिक आहे, पण दुरून केलेला. भारताएवढ्या अर्थव्यवस्थेत हा टक्का लहानच दिसणार. शिवाय खनिजाचा बाजारभाव पडला की टक्काही घसरतो. डोंगर काही परत उभा राहत नाही. खाणीतला गाळ शेतात उतरला, विहिरी आटल्या, हे तर त्यात येतच नाही. टक्का देशाचा, खड्डा गावाचा.

मग डोंगराच्या बदल्यात मागे काय ठेवायचे? जॉन हार्टविक या अर्थतज्ज्ञाने 1977 मध्ये नियम सांगितला: अशा संपत्तीचा निव्वळ लाभ खाऊ नका, सगळा टिकाऊ भांडवलात घाला. गोव्यात 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली. मुद्दल ही मुद्दल म्हणून वेगळी काढावी, हे तेव्हा कायद्याच्या भाषेत आले. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. खाणअवलंबितांच्या दारात टिप्पर उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

खाणी चालू की बंद, यावर आपण वर्षानुवर्षे भांडतो. गेलेल्या डोंगराच्या नावे डिचोलीत, सांग्यात काय जमा आहे, हे विचारले असते तर तो वाद निदान खऱ्या वहीवर झाला असता.