वारा मंदावतो तेव्हा

स्वस्थ बसा. लातूर-नांदेडकडची मे महिन्यातली दुपार आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. ते अंतर आधी मनात येऊ द्या.

आता त्याहूनही लांब जा, पेरू देशाच्या किनाऱ्यावर. वारा समुद्राचं वरचं पाणी पश्चिमेकडे लोटतोय. त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतंय, खोलातलं खत घेऊन. त्यावर नजरेला न दिसणारी शेवाळं वाढतात, आणि त्या अन्नावर अँकोव्ही नावाच्या बारीक माशांचे अफाट थवे. थंड आणि उबदार पाणी जिथे भिडतं, तिथे समुद्रातही बांध पडतो. त्या बांधाशी अन्न साचतं आणि मोठे मासे येतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांच्या नजरेने असेच बांध हेरून आपल्या मच्छीमारांना कळवते. पॅसिफिकच्या मध्यावरचा असा एक बांध तर हजारो किलोमीटर सरकतो, आणि कुपा मासे त्याच्या मागोमाग जातात.

श्वास सावकाश सोडा. वारा मंदावतोय. उबदार पाणी पूर्वेकडे परततंय, खालचं खत वर यायचं थांबलंय. हाच एल निनो. १९७० साली पेरूने १ कोटी २० लाख टनांहून जास्त अँकोव्ही पकडली होती. १९७३ साली २० लाख टनही मिळाली नाही. बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होता.

मधलं वर्ष १९७२. एल निनोत आपला पाऊसही अनेकदा ओढ देतो; त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. दुष्काळी कामावर खडी फोडणारे हात, मदतीची सुकडी, मिलो ज्वारी. इथे घाई करू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे आठवा.

प्रत्येक एल निनो दुष्काळ आणतोच असं नाही. १९९७ साली एल निनो असूनही देशात पाऊस बरा झाला. पण २०१५ साली पुन्हा एल निनो होता, मांजरा धरण आटलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं.

अजून एक धागा धरा. पेरूची मासळी दळून जगभरच्या कोंबड्या-डुकरांना घालत. ती घटली तेव्हा सगळे सोयाबीनच्या पेंडीकडे वळले. भाव भडकले, १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली. धास्तावलेल्या जपानने ब्राझीलच्या माळरानावर सोयाबीन पिकवायला पैसा दिला. त्याच ब्राझीलच्या पिकाचा दाब आज लातूरच्या आडतीतल्या सोयाबीनच्या सौद्यावर असतो.

तो भाव शेतकऱ्याच्या हातात नाही, वाराही नाही. म्हणून पॅसिफिकची खबर पेरणीआधी गावोगावच्या चावडीवर, साध्या मराठीत वाचली जावी, असं मला फार वाटतं.