डोंगर नसलेला किल्ला

सहामाही परीक्षा संपली की मोशी, भोसरी, चिंचवडच्या सोसायट्यांमधली पोरं दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीच्या शोधात निघतात. पूर्वी परसात खुरपं घातलं की भागायचं. आता इमारतीखाली पार्किंग, पार्किंगपुढे पेव्हर ब्लॉक आणि त्यापुढे कंपाउंडची भिंत. मग शेजारच्या साइटवर खोदाई चालू असली तर वॉचमनकाकांना मस्का लावून चार पोती मुरूम उचलायचा. भांडण होतं ते किल्ला कोणता करायचा यावर, रायगड की राजगड. खालच्या जमिनीचा विचार कोणी करत नाही. विटा रचल्या, पोतं टाकलं, चिखल थापला, झाला डोंगर! सगळा जीव तटाबुरुजांत आणि मावळ्यांत.

किल्ल्याचा खरा कस मात्र त्या चिखलातच लागतो. नुसती काळी माती वापरली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोंगराला भेगा पडतात, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. तिच्यात मुरूम नाहीतर लाकडाचा भुसा कालवला की भेगा आटोक्यात राहतात. पोतं कोरडंच अंथरलं तर ते वरच्या थरातलं पाणी शोषून घेतं आणि माती पापुद्र्यासारखी सुटून येते. म्हणून पोतं आधी पातळ चिखलात बुडवून काढायचं. हिरवळीचं गणितही असंच. मोहरी उतारावर टाकली की घरंगळते आणि सगळं रान पायथ्याशी उगवतं. अळीव भिजला की त्याच्या प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत, चिकट थर येतो आणि दाणा उभ्या चढावरही जागा सोडत नाही. वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पेरला तर पहिल्या पणतीला डोंगर हिरवा असतो.

आकाराचं काय? निम्मेअधिक किल्ल्यांचे डोंगर टोकदार असतात, चित्रकलेच्या वहीतल्यासारखे. सह्याद्री असा नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून हा डोंगर घडला. म्हणून इथे कडा, त्याखाली उतार, मग पुन्हा कडा अशा पायऱ्या दिसतात आणि माथा बहुतेक सपाट असतो. त्या सपाट माथ्यावर रायगडाची बाजारपेठ मावली. हा आकार करायचं सामान आपल्याकडे भरपूर आहे. यंत्रांच्या सुट्या भागांबरोबर येणारा थर्माकोल आणि जाड पुठ्ठे चाकण-भोसरीच्या भंगारवाल्यांकडे हवे तेवढे मिळतात. थर्माकोल ब्लेडने कापू नये, हाताने मोडावा. मोडलेली कड खडबडीत निघते आणि तिच्यावर पातळ काळा चिखल फिरवला की कातळ ओळखू येतो.

या पट्ट्यात मोठी माणसं जमिनीविषयी बोलतात ती गुंठ्याच्या भावानं. एमआयडीसीनं जागा सपाट करून दिली, जेसीबीनं उरलासुरला उंचवटा काढला, वर शेड उभी राहिली. मूळचा ओढा कुठून वाहत होता हे शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्यालाच ठाऊक. माती हातात घेऊन ती पाणी किती पिते, कुठे ओघळते, कशानं तडकते हे बघणारी शहाणी मंडळी वर्षातून आठवडाभर दिसतात आणि ती चौथी-पाचवीत असतात. त्यांना ओरडणारे आपण!

गंमत म्हणजे या पोरांच्या सगळ्यात जवळचा किल्ला क्वचितच कोणी करायला घेतं. चाकणचा संग्रामदुर्ग. कारण उघड आहे, त्याला डोंगर नाही. भुईकोट तो, सपाटीवर उभा. चढाव नाही, कडा नाही. शत्रू थेट तटाखाली येऊ शकतो. म्हणून इथे राखणीचं पहिलं काम खंदकाचं. 21 जून 1660 रोजी शाहिस्तेखानानं या किल्ल्याला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर शिबंदीनिशी होता. बाहेर अफाट मुघल फौज आणि भर पावसाळा. तरी जवळजवळ दोन महिने किल्ला हटला नाही. शेवटी खानाच्या माणसांनी जमिनीखालून भुयार खणत नेलं, बुरुजाखाली सुरुंग ठासला आणि 14 ऑगस्टला तो उडवला. बुरुज पडल्यावरही मराठे आतून लढत राहिले. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे मुघलांचे 268 लोक ठार आणि 600 जखमी झाले. एवढ्याशा भुईकोटासाठी ही किंमत फार मोठी होती. किल्ला इतके दिवस तगला त्यात खंदकाचा वाटा मोठा आणि पडला तोही जमिनीखालून. या वेढ्याची हकिगत सांगताना नुसत्या बुरुजांचं बोलून भागत नाही.

रायगड करू नये असं मुळीच नाही. पण ज्या पट्ट्यात आपण राहतो, जिथून कंपनीची बस रोज जाते, तिथली लढाई आपल्या पोरांनी एकदा हातानं मांडावी, असं मला फार वाटतं. आता चाकणच्या वस्तीनं किल्ल्याला चारी बाजूंनी वेढलंय आणि तटबंदीचा थोडाच भाग उरलाय. तरी दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी पोरांना घेऊन तिथे जाऊन या. मग घरी विटांचं चौकोनी आळं करा, त्यात वीतभर माती दाबून भरा आणि तट बांधायच्या आधी खंदक खणा. खंदकाच्या तळाला प्लास्टिकचा कागद घालायला विसरू नका, नाहीतर पाणी एका रात्रीत जिरून जाईल.