यश येण्यापूर्वीं

मुलगा डॉक्टर झाला, कीं जन्माचें सार्थक झालें, असें आमच्या उपनगरांतील सुशिक्षित घरांत अद्याप मानतात. मुलुंडच्या अशाच एका घरीं परवां डॉ. श्रीराम लागूंचा विषय निघाला. पुण्यांत व पुढें टांझानियांत कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक म्हणून जम बसला असतां, चाळिशी उलटल्यावर त्यांनीं तो व्यवसाय सोडला. १९६९ सालीं कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्ण वेळ नट झाले. मंडळींनीं धन्योद्गार काढले, आम्हीही काढले.

इतक्यांत, दवाखाना सोडून सतारीसच वाहून घेण्याचा आपला विचार आहे, असें यजमानांचा डॉक्टर मुलगा हळूच म्हणाला. "मग घराचें कर्ज कोण फेडणार?" हें प्रथम आम्हीच विचारलें. प्रश्न गैर नव्हता. पण मग मघांचा गौरव कशाचा? लागूंच्या निर्णयाचा, कीं त्यांस पुढें लाभलेल्या कीर्तीचा? ते नट म्हणून पडते, तर तोच निर्णय आम्ही वेडांत काढला असता! वस्तुतः ती उडी आंधळी नव्हतीच. विद्यार्थिदशेपासून नाटकाची संगत त्यांनीं सोडली नव्हती.

त्या मुलास, सतार किती वर्षें वाजवतोस, हें आधीं विचारावयास हवें होतें. परततांना गाडींत तें आम्हांस सुचलें.