पावणेचारची रात्र

लेक इंग्लंडला निघायच्या आदल्या दिवशी मी तिला बेळगावच्या किल्ल्यात, कमल बस्तीत घेऊन गेले. १२०४ सालची ही बस्ती, गाभाऱ्यात नेमिनाथ भगवान. तिथं तिनं नियम घेतला: मांस नाही, दारू नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. ‘घेतला’ म्हणते खरी, पण शब्द माझे होते. तिनं नुसती मान हलवली.

ती शिकायला गेली तीही किल्ल्यातच. डरहॅमचा हा किल्ला विल्यम राजाच्या काळात, १०७२ मध्ये बांधायला घेतला. शतकानुशतकं तिथं बिशप राहिले. १८३७ साली तो विद्यापीठाकडे आला, आणि पुढे पडका बुरूज नव्यानं बांधून त्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या केल्या. मुलींना मात्र त्या कॉलेजात प्रवेश मिळाला १९८७ मध्ये. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे दीडशे वर्षं दार बंदच की!”

डिसेंबरात फोन आला. “आई, इथं पावणेचारला सूर्य मावळतो गं. तेव्हा मी प्रयोगशाळेत असते. हॉलमधलं जेवण संध्याकाळी. नोव्हेंबरपासून मी रात्रीच जेवते. तुला ‘दुपारीच जेवले’ म्हणायची, ते खोटं होतं.”

मला राग आला. नियम मोडला म्हणून, की मला फसवलं म्हणून, हे त्या क्षणी मलाच सांगता आलं नसतं.

१८८८ मध्ये गांधीजी लंडनला निघाले तेव्हा पुतळीबाईंचा जीव असाच धास्तावला होता. बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी मुलाकडून तीन शपथा घेववल्या, मग आईनं परवानगी दिली. पुढे लंडनमध्ये प्रश्न निघाला, अंडं मांसात धरायचं का? गांधीजींनी ठरवलं, शपथ देताना आईच्या मनात जो अर्थ होता तोच खरा. अंडं सोडलं.

तोच न्याय लावायचा तर माझ्या मनातली रात्र कुठली? बेळगावची, सहा-सातला होणारी. दुपारी पावणेचारची रात्र मी जन्मात पाहिलेली नाही. पण ही पळवाट मला रुचेना. नियम सूर्याशी आहे, घड्याळाशी नाही. आणि मुलीनंही ती मागितली नव्हती.

मला खुपत होतं ते निराळंच. पाच अणुव्रतांत सत्य आहे. रात्रिभोजनाचा त्याग सांभाळल्याचं मला दाखवायला पोरगी दोन महिने रोज खोटं बोलली, आणि ती वेळ तिच्यावर मी आणली. तिला झेपेल का, पटतं का, एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला रात्री झोप लागावी म्हणून घेववलेला नियम तो! आपण आया याला संस्कार म्हणतो.

तिला म्हटलं, “रात्रीचं सोडलं. बाकीचं तुझं तू ठरव, पण मला खरं सांग.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मांस-दारूचं मी ठरवलंय आई. ते माझं आहे.”

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सहाला पान वाढलं की त्या रोज विचारतात, “पोरगी जेवली असेल ना?” तिथं तेव्हा दुपारचे साडेबारा झालेले असतात. मी “हो” म्हणते.