टीव्ही आणण्याआधी

कोल्हापूर
डिसेंबर २०२५

चि. बाळू,


तुझी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली. पंचावन्न इंची टीव्ही, साउंडबार, दादाला नवा फोन, ईशूला टॅब, वायफाय आणि शेवटी ‘तीन ओटीटी’. उत्तर तिथंच दिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला.

पहिली उचल खात्यावर जमा झाली, हे यादीवरूनच समजलं. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तरी पैसे हातात पडेपर्यंत शेतकऱ्याचा जीव टांगणीलाच असतो. ते आले की मुदाळतिट्ट्यापासून मुरगूडपर्यंतच्या दुकानदारांना एका रात्रीत कसं कळतं, देव जाणे! हौस करू नकोस असं मी म्हणणार नाही. वर्षभर उसाला पाणी पाजणाऱ्यानं एक चांगला टीव्ही घेतला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

पण तू प्रत्येक वस्तूपुढं तिची किंमत लिहिलीस, आणि तिच्यापायी दर महिन्याला किती जाणार हे एकीपुढंही लिहिलं नाहीस. नोकरदाराचा पगार महिन्याला होतो, म्हणून या सगळ्या सेवा महिन्याच्या हिशोबानं बेतलेल्या आहेत. आपल्या घरात पैसा तसा येत नाही. बिद्रीच्या कारखान्याला घातलेल्या उसाचं बिल वर्षातून एकदा-दोनदा, एकगठ्ठा. गोकुळचं दूधबिल दर दहा दिवसांनी, थोडं थोडं. पेंड, किराणा, ईशूची फी, दादाच्या गोळ्या हे सगळं दुधावर चालतं, आणि वायफाय-ओटीटीचे पैसेही त्याच खात्यातून कापले जाणार. तेव्हा यादीचे दोन भाग कर. एकदा पैसे मोजले की आपली होते ती वस्तू उसाच्या पैशातून घे, आणि घेशील ती जरा चांगलीच घे. जिचं भाडं सुरूच राहणार ती वहिनीला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. दुधाचा हिशोब तिच्याकडं आहे.

आता टीव्हीचं. दुकानात जो देखणा समुद्र आणि रंगीत पोपट दाखवतात, ती फिल्म खास फोर-केमध्ये काढलेली असते. आपल्या घरी केबलवरून मालिका येणार, आणि केबलवरची कितीतरी चॅनलं अजून जुन्या एसडी चित्राची आहेत. तेच चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की नायिकेचा चेहरा मेण वितळल्यासारखा दिसतो. दुकानदाराला सांग, पोपट बंद कर आणि आमच्या घरात लागतं ते चॅनल लावून दाखव. जाण्याआधी सोप्यात टेप लाव. पलंगापासून भिंत सात-आठ फुटांवर असेल तर त्रेचाळीस इंची भरपूर झाला. खिडकीचा उजेड समोरून पडद्यावर पडणार असेल तर पडदा चकाकणारा आहे की नाही तेही बघ. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

दुसरी गोष्ट. टीव्हीचा पडदा आठ-दहा वर्षं टिकतो, त्यातलं ‘स्मार्ट’ डोकं मात्र तीन-चार वर्षांत म्हातारं होतं. स्वस्त टीव्हीत रॅम आणि साठवण जेमतेम असते, अ‍ॅपं दर वर्षी जड होत जातात, आणि एक दिवस यूट्यूब उघडायला चहा होऊन जातो. मग लोक म्हणतात टीव्ही बिघडला. तो बिघडलेला नसतो. एचडीएमआयच्या खाचेत दोन-चार हजारांची स्टिक लावली की चालू लागतो. म्हणून पैसे घालायचे ते पडद्यात घाल. खाचा किमान तीन आहेत का बघ, आणि त्यातली एक एआरसीची हवी, म्हणजे पुढं कधी साउंडबार घेतलास तर एका वायरीत काम होईल. साउंडबार लगेच नको. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, त्यानं संवाद दबतात. त्यावर बऱ्याच टीव्हीत संवाद स्पष्ट करायची सेटिंग असते. महिनाभर ती वापरून बघ.

किमतीबद्दल दोन शब्द. बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. ती घट दुकानदार स्वतःची सूट म्हणून सांगू लागला तर हसून म्हण, ‘ती सरकारनं दिली, तुमची किती?’ आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ला भुलू नकोस. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठंतरी लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. आता ते सवलतीच्या रूपानं वळतं करतात, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाइकाच्याच बोकांडी बसतो. एकरकमी पैसे हातात असताना हप्ता कशाला? रोख किती कमी करता, एवढंच विचार.

ऑनलाइन चार पैसे कमी पडतात हे खरं. पण भिंतीवर बसवायला बिद्रीला कोण येणार आणि बिघडल्यावर कोण येणार, हे आधी विचार. ऑनलाइनच घेतलास तर खोकं फोडताना व्हिडिओ काढ, कारण पडदा वाटेत फुटला होता की घरात, यावर पुढं वाद होतात. वाचलेल्या पैशातून एक काम नक्की कर: वायरमन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घे आणि टीव्हीला चांगला स्टॅबिलायझर लाव. शेतीपंप सुरू झाले की आपल्याकडं व्होल्टेज कसं नाचतं ते तुला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं की टीव्हीचा प्लग तर काढच, केबलची किंवा डिशची वायरही मागून काढ. वीज तिच्यातूनही आत येते, आणि स्टॅबिलायझर तिला अडवू शकत नाही.

आता भाड्याच्या गोष्टी. घरात काय बघितलं जातं ते लिहून काढ. वहिनीच्या मालिका स्टार प्रवाह आणि झी मराठीवरच्या. त्या केबलवर पैसे भरून दिसतातच. पुन्हा जिओहॉटस्टार आणि झी फाइव्ह घेतलंस तर त्याच मालिकांचे पैसे दुसऱ्यांदा भरशील. एक तर केबल ठेव, नाही तर अ‍ॅप ठेव. केबल ठेवलीस तर केबलवाल्यानं लावून दिलेला गठ्ठा डोळे मिटून घेऊ नकोस. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमानं चॅनलं सुटी निवडता येतात, आणि वहिनीला पाच-सहापलीकडं लागत नाहीत. तिसरं ओटीटी तू स्वतःसाठी लिहिलं आहेस हे मी ओळखलं. घे, पण आधी तुझा मोबाइलचा रिचार्ज नीट वाच. बऱ्याच रिचार्जमध्ये एखादं ओटीटी आधीच घातलेलं असतं आणि लोक तेच पुन्हा विकत घेतात. काही प्लॅन तर फक्त मोबाइलपुरते असतात. ते घेऊन टीव्हीवर लावायला गेलास की वरचे पैसे मागतात. आयपीएलसाठी हवं असेल तर मार्चमध्ये घे, मेअखेर बंद कर. आणि फुकट काय मिळतं तेही बघत जा. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. डिश आणि डबा एकदाच घ्यायचा, पुढं महिन्याला काही नाही. त्यावर सह्याद्री आहे, वहिनीच्या मालिका मात्र नाहीत. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ नावाचं अ‍ॅप काढलं, त्यात दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आहेत. आईला ते लावून दे, दुपार बरी जाईल.

बँकेत असताना काउंटरवर लोक पासबुक पुढं करून विचारायचे, ‘ताई, हे नव्याण्णव रुपये दर महिन्याला कुठं जातात?’ नव्याण्णव, एकशे एकोणपन्नास, असे बारके आकडे. बहुतेकांनी कधीतरी ‘एक रुपयात महिनाभर मोफत’ म्हणून बटण दाबलेलं असायचं. त्या एका रुपयाबरोबर पुढं आपोआप पैसे कापायची परवानगी जात असते, ऑटोपेची. ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे की असे पैसे कापण्याआधी चोवीस तास बँकेनं कळवायचं. तो एसएमएस येतो, पण जाहिरातींच्या गर्दीत कोण वाचतो? पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला पुन्हा ओटीपीही लागत नाही. तुझ्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा एक कोपरा आहे. आज रात्री तो उघड, चालू काय काय आहे ते बघ, नको ते रद्द कर. अ‍ॅप नुसतं फोनवरून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, हे घरातल्यांनाही सांग. घेताना एका बोटात आणि सोडताना दहा पानं हिंडवायचं, ही युक्ती आता कायद्यानंही चुकीची ठरवली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं फसवणुकीचे असे तेरा प्रकार नावानिशी जाहीर केले, त्यात हे वर्गणीचं जाळं आहे. कुणी पैसे अडवले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. फोन कर, तक्रार क्रमांक घे, लिहून ठेव.

दादाच्या फोनबद्दल लिहिण्याआधी वारणेची एक गोष्ट सांगते. तू तेव्हा लहान असशील. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांसाठी केंद्र सरकारनं संगणकाची मोठी योजना आणली. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या जोरावर गावोगाव माहिती केंद्रं उघडली. शेतकरी तिथं बाजारभाव बघेल, पिकांचा सल्ला घेईल, पोरं जग बघतील, अशी स्वप्नं होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी येऊन पाहिलं, तर माणसं तिथं मुख्यतः दोन-चार कामांसाठी येत होती: आपल्या उसाचं वजन किती भरलं, खताचा हिशोब काय, पैसे किती. एवढ्यासाठी संगणक, वीज, छपाई, माणूस! त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साधे मोबाइल वापरून बघितले. एसएमएस पाठवायचा, उत्तर एसएमएसनं यायचं. ते स्वस्तही पडलं, आणि शेतकऱ्यांना संगणकापेक्षा जास्त आवडलं.

दादालाही तेच पाहिजे. उसाचं वजन, दुधाचा फॅट, बँकेचा एसएमएस, ईशूचे फोटो, सकाळचे अभंग. त्याला चार कॅमेरे काय करायचे आहेत? मोठी अक्षरं, खणखणीत आवाज आणि दोन दिवस टिकणारी बॅटरी बघ. कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार तेही विचार. अपडेट थांबलेला फोन बाहेरून नवा दिसतो, पण त्यात बँकेचं अ‍ॅप ठेवण्यात शहाणपणा नाही. म्हणूनच तुझा जुना फोन त्याच्या गळ्यात मारायचा बेत असला तर सोड. मुरगूडला कुणी स्वस्तात वापरलेला देतो म्हणालास, तर आधी त्यावर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाब, पंधरा आकडी आयएमईआय येईल. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएस कर. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथंच कळतं.

फोन दिल्यावर एक संध्याकाळ त्याच्याजवळ बस. पीएम किसानच्या नावानं, आरटीओच्या दंडाच्या नावानं, एपीके अशा शेपटीची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती उघडून बसवली की एसएमएस आणि ओटीपी परक्याच्या हातात जातात. पाठवणारा ओळखीचा दिसतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. दादाला एवढंच सांग: फाइल आली की उघडायची नाही, आधी बाळूला हाक मारायची. आणि पैसे गेलेच तर लाजून दोन दिवस गप्प बसायचं नाही. १९३० ला लगेच फोन करायचा. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात, नंतर अवघड. गोठ्यातला त्याचा रेडिओ मात्र हलवू नकोस. आकाशवाणी कोल्हापूर ऐकत धारा काढायची सवय आहे त्याला, आणि त्या वेळी त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

ईशूला टॅब नको. चौथीतली पोर. अभ्यासाचा व्हिडिओ बघायचा तर सोप्यातल्या टीव्हीवर बघेल, जाता-येता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सांगली जिल्ह्यात कडेगावजवळ मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरात टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यातलं सगळ्यात पटलं ते हे, की मोठ्यांचेही फोन बंद. ते तुला जमत असेल तर ईशूचा विषय काढ, नाही तर काढू नकोस.

जुना टीव्ही भंगारवाल्याला देऊ नकोस. तो तांब्यासाठी फोडतो आणि शिसं ओढ्यात जातं. एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांत विल्हेवाटीची जबाबदारी कंपन्यांवर आहे. नवा घेशील तिथं जुना परत घेतात का विचार, आणि घेतला तर पावतीवर लिहून घे. पावतीचा फोटो मला पाठव, वॉरंटीची तारीख मी माझ्याही वहीत टिपून ठेवते.

आईला नमस्कार सांग, वहिनीला सांग की पुढच्या आठवड्यात गूळ पाठवला तर चालेल.

तुझी,
आत्या